वायफायचा पासवर्ड बदलायचाय? आधी डब्याखालचं स्टिकर बघा

नेरूळला आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी सोसायटीचा नोटीस बोर्ड आहे. पाणी गेलं, लिफ्ट अडकली तर कोणाला फोन करायचा ते कळावं म्हणून कमिटीच्या सगळ्यांची नावं आणि मोबाइल नंबर त्यावर लावलेत. त्यातला खजिनदारांचा नंबर हाच तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरच्या वायफायचा पासवर्ड होता. काकांनी तो ठेवला नव्हता. इंटरनेट जोडायला आलेल्या मुलाने "काका, तुमचाच नंबर टाकतो, लक्षात राहील" म्हणून टाकला आणि पुढे चार वर्षं तो तसाच राहिला. कुरिअरवाले, दूधवाले, घरकामाला येणाऱ्या बायका, सगळे रोज त्याच बोर्डासमोर लिफ्टची वाट बघत उभे असतात.

मागच्या रविवारी काकूंबरोबर बसून तो बदलला. पाऊण तास लागला. मी ज्या ज्या घरांत हे काम करून दिलंय, तिथे जवळजवळ सगळीकडे जोडणाऱ्या माणसाने टाकलेलाच पासवर्ड सापडला आहे. मोबाइल नंबर, नाहीतर आडनावापुढे १२३. म्हणून काकूंकडे काय केलं ते क्रमाने लिहितो.

हे कशाला करायचं

"कोणी थोडं फुकट नेट वापरलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर आमच्यापासून दोन स्टेशनं पलीकडे, सानपाड्यात आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता, आणि त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते सानपाड्यातल्या एका घरात. तिथे राहणाऱ्या अमेरिकी माणसाचं वायफाय नीट सुरक्षित केलेलं नव्हतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरून मेल पाठवला होता. त्याचा स्फोटांशी संबंध नव्हता, तरी चौकशीला त्यालाच तोंड द्यावं लागलं. कारण बाहेरच्या जगाला दिसतो तो जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तिचा क्रमांक, आणि जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्या दारात पोलीस येतात. आतून मोबाइल कोणाचा होता हे तिथून दिसत नाही.

दुसरं कारण घरातलंच आहे. वायफायवर आलेला माणूस तुमच्या घरात आल्यासारखाच असतो. प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही, राउटरचं (घरात वायफाय देणाऱ्या डब्याचं) स्वतःचं सेटिंगचं पान, सगळं त्याच्या हाताच्या अंतरावर येतं.

पासवर्ड कसा निवडायचा

इथे थोडा वेळ द्या, कारण लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. जवळपास बसलेला माणूस तुमचा मोबाइल राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण टिपून ठेवू शकतो. मग घरी जाऊन, इंटरनेटशिवाय, आपल्या कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. राउटर त्याला थांबवू शकत नाही, कारण राउटर तिथे नसतोच.

आता हिशोब करा. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि पुढे नऊ आकडे. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी नंबर. गेम खेळायच्या चांगल्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. ४०० कोटी भागिले १० लाख, म्हणजे ४,००० सेकंद. तासाभरात भारतातले सगळे मोबाइल नंबर तपासून होतात. तुमचा नंबर माहीत असायचीही गरज नाही.

आता दुसरा प्रकार. दोन हजार साध्या शब्दांतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द निवडले, तर त्याच कार्डाला सगळ्या जोड्या तपासायला हजार वर्षं लागतील. चारच शब्द घेतले तर सहा महिने. एका शब्दाने एवढा फरक पडतो! म्हणून पाच घ्या.

शब्द मराठी घ्या, इंग्रजी अक्षरांत लिहा, पण एक काळजी घ्या. 'वाटी' हा शब्द घरातली चार माणसं चार तऱ्हेने लिहितात. कोणी व्ही घालतं, कोणी डब्ल्यू, कोणी एक ए, कोणी दोन. 'झाड', 'मीठ', 'फूल' यांचंही तेच. मग पाहुणे आले की "लागत नाहीये" सुरू होतं. ज्यांचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने होतं असे शब्द निवडा: पोपट-दगड-गणित-करंजी-मगर. सगळी लहान अक्षरं, मध्ये आडवी रेघ. ही ३१ अक्षरं झाली आणि वायफायला ८ ते ६३ अक्षरं चालतात. हेच शब्द मात्र वापरू नका, ते आता छापून झाले. आणि शब्द मनात आले तसे घेऊ नका, कारण मन आपल्या माणसांच्या नावांकडे, देवांकडे आणि गावाकडेच जातं. जुनं पाठ्यपुस्तक घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा.

राउटरच्या पानावर जा

काकूंचा डबा टीव्हीच्या शोकेसवर भिंतीला टेकवलेला होता. उलटा केला तर खालच्या स्टिकरवर धुळीचा थर. ओल्या फडक्याने हलकंच पुसून मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचलं: एक पत्ता, यूजरनेम, पासवर्ड. त्याचा फोटो काढून ठेवा. तिथलं अक्षर इतकं बारीक असतं की इंग्रजी एल आणि एक हा आकडा सारखेच दिसतात. फोटो मोठा करून बघता येतो.

पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. (इथे मराठी आकडे आहेत, टाइप करताना इंग्रजी आकडे घाला.) स्टिकर फाटलं असेल तर अँड्रॉइड मोबाइलमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या नावावर जा, तिथे 'गेटवे' म्हणून तोच पत्ता दिसतो. आयफोनमध्ये नावापुढच्या आय या खुणेवर दाबलं की 'राउटर' असं लिहिलेलं असतं.

मोबाइलचा डेटा बंद करा, नाहीतर काही फोन आपल्या मनाने बाहेरच्या नेटवर जातात आणि पान उघडत नाही. पत्ता ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत टाका, गूगलच्या शोधपट्टीत नाही. "हे पान सुरक्षित नाही" असा इशारा आला तरी घाबरू नका. तुम्ही स्वतःच्याच घरातल्या डब्याशी बोलताय, आणि अशा डब्यांकडे बाहेरच्या संकेतस्थळांसारखं प्रमाणपत्र नसतं. हे शेजाऱ्याच्या किंवा हॉटेलच्या वायफायवरून मात्र करू नका.

स्टिकरवरचा पासवर्ड लागला नाही, तर जोडणाऱ्या माणसाने तो बदललेला असतो. कंपनीच्या नंबरवर फोन करून मागून घ्या. जोडणी तुमच्या नावावर आहे, संकोच करायचं कारण नाही. मोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅपमधूनही वायफायचा पासवर्ड बदलता येतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: डब्यामागच्या बारीक भोकात पिन खुपसून रीसेट करू नका. पासवर्डाबरोबर कंपनीने आत भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते आणि मग इंटरनेटच जातं. शनिवारी संध्याकाळी हे झालं तर माणूस येईपर्यंत सोमवार उजाडतो.

आधी डब्याची किल्ली, मग वायफायची

पासवर्ड दोन असतात हे फार कमी जणांना माहीत असतं. एक वायफायला जोडून घ्यायचा, दुसरा राउटरच्या या पानावर शिरायचा. वायफायचा कितीही अवघड ठेवला आणि दुसरा 'अ‍ॅडमिन' असाच राहिला, तर एकदा आत आलेला माणूस पहिला पासवर्ड वाचूही शकतो आणि बदलूही शकतो. म्हणून हा आधी बदला. 'सिस्टीम', 'मेंटेनन्स' किंवा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या नावाखाली तो सापडेल.

मग 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' मध्ये या. तिथे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन भाग दिसतात. दोन्हीकडे पासवर्ड बदलावा लागतो. मी स्वतः एका घरात एकच बदलून आलो होतो आणि दुसरा दरवाजा उघडाच राहिला होता, म्हणून मुद्दाम सांगतो. फायबरच्या डब्यापुढे तुम्ही आपला वेगळा राउटर लावला असेल तर फायबरच्या डब्याचं वायफायही चालू असू शकतं. तेही बघा.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार दिसतो. डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चा एकत्र पर्याय घ्या, म्हणजे जुने फोनही चालतील. नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार दिसला तर लगेच बदला, तो २००१ पासून मोडलेला आहे. नेटवर्कच्या नावात फ्लॅट नंबर आणि आडनाव असेल तर काढून टाका. खालच्या रस्त्यावरून चालणाऱ्याला ते सांगायची काय गरज?

डब्ल्यूपीएस बंद करा

बटण दाबून फोन जोडायची ही सोय आहे. तिच्यात आठ आकड्यांचा पिन असतो, पण राउटर त्याचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच ठरतो. त्यामुळे दहा कोटींच्या जागी फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्ये उघड झालं. तुमचे पाच शब्द कितीही चांगले असले तरी हा पिन चालू असेल तर त्यांचा उपयोग नाही. याच वेळी 'रिमोट मॅनेजमेंट' (बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरच्या पानावर येण्याची सोय) चालू दिसलं तर तेही बंद करा आणि फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, नवं रूप आलं असेल तर घ्या. कंपनीच्या डब्यात हे पर्याय कधी कधी दिसतच नाहीत. मग डब्ल्यूपीएस बंद करायला कंपनीलाच सांगा.

पाहुण्यांसाठी वेगळं

काकू दहावीच्या मुलांना गणित शिकवतात. रोज संध्याकाळी सात-आठ मुलं येतात आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये तो पासवर्ड होता. मुलांना नेट द्यायचं नाही असं काकूंच्या मनात येत नव्हतं, आणि यायलाही नको. बहुतेक नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. ते चालू करून त्याला वेगळा पासवर्ड द्या. त्यावरच्या फोनला इंटरनेट मिळतं, पण घरातला प्रिंटर आणि कॅमेरा दिसत नाही. शिकवणीची मुलं, एसीवाला, मुलाचे मित्र, सगळ्यांना तोच द्या. वर्षअखेरीला मुलं बदलली की फक्त तेवढाच बदलायचा.

सेव्ह केल्यानंतर

सेव्ह दाबताच तुमच्या फोनचंही वायफाय तुटेल. घाबरायचं काही नाही. वायफायच्या यादीत जुन्या नावावर 'फर्गेट' करून नवा पासवर्ड घाला. मग बाकीचे फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा, स्मार्ट प्लग. घरातलं कोणी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असेल तेव्हा हे काम काढू नका. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या नावाखाली 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड येतो, दुसऱ्या फोनने तो स्कॅन केला की झालं. स्वस्त कॅमेरे आणि प्लग अनेकदा २.४ वरच चालतात, ते जोडले जात नसतील तर आधी हे तपासा.

शेवटी राउटरच्या पानावर परत जाऊन जोडलेल्या वस्तूंची यादी बघा. बदलण्याआधी काकूंनी बोटांवर मोजून सहा सांगितल्या होत्या आणि यादीत अकरा होत्या. रविवारी शिकवणी नसते, म्हणजे मुलंही नव्हती. हल्लीचे फोन वायफायवरचा आपला खरा ओळख क्रमांक (मोबाइल नंबर नव्हे) लपवतात, त्यामुळे नावावरून ओळख पटेलच असं नाही, पण संख्या खोटं बोलत नाही. नवा पासवर्ड टाकल्यावर यादीत बरोबर सहा राहिल्या. ते पाच कोण होते ते आम्हाला कळलं नाही.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची गरज नाही. चांगला असेल तर वर्षानुवर्षं चालतो. भाडेकरू गेला, जुना राउटर विकत घेतला, घरात काम करून गेलेल्यांना मूळ पासवर्ड सांगितला, तेव्हा मात्र बदला. आणि तुमच्या जोडणीवरून काही गैरप्रकार झाल्याचं कळलं तर वाट न बघता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवायला काही हरकत नाही. दूर बसलेल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. काकूंनी वाण्याच्या यादीच्या वहीत मागच्या पानावर पाचही शब्द लिहिले, ते एकदा मोठ्याने वाचले आणि मग रिमोट घेऊन टीव्हीवर एकेक अक्षर दाबायला बसल्या. काकांनी खाली जाऊन नोटीस बोर्डावरचा आपला नंबर तसाच ठेवला. तो आता फक्त फोन नंबर आहे.