हाताने केलेल्या वस्तूंसाठी शिक्का करून घेताय? या चुका टाळा

तहसील कचेरीबाहेर किंवा कोर्टाच्या आसपास शिक्के करून देणारं एखादं दुकान हमखास सापडतं. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘गोल की चौकोनी?’ आणि दुसरा, ‘शाई निळी की जांभळी?’ साबण, सुती पिशव्या, मातीचे कप किंवा राख्यांची पाकिटं करणाऱ्याला या प्रश्नांचा फारसा उपयोग नाही. शिक्का कशावर उमटवायचा आहे, हे आपणहून सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर कचेरीच्या कागदाला चालेल असा शिक्का हातात पडतो.

साध्या रबरी शिक्क्याची अक्षरं जेमतेम एक-दीड मिलिमीटर वर उठलेली असतात. कागदाला आणि कापडाला तेवढं पुरतं. साबणावर दाबला तर नुसता ओरखडा दिसतो. साबणाला खोल कोरलेला ॲक्रिलिकचा किंवा पितळेचा ठसा लागतो. घरी तेल आणि कॉस्टिक वापरून केलेला साबण वडी कापल्यावर लगेच ठशाला चिकटतो आणि फार वाळला की कडा तडकतात. बोटाने दाबल्यावर किंचित वळ उठेल, पण बोटाला काही लागणार नाही, ती वेळ धरायची. मातीकामात आणखी एक गोम आहे. वाळताना आणि भाजताना माती साधारण ८ ते १२ टक्के आकसते, तसं तिच्यावरचं नावही आकसतं. भाजल्यावर २० मिलिमीटरचा ठसा हवा असेल, तर तो २२ मिलिमीटरचा करून घ्यावा.

आता सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ती गोष्ट: देवनागरी अक्षरं. ‘हस्तनिर्मित’ हाच शब्द घ्या. त्यातल्या ‘र्मि’वर वेलांटीचा बाक आणि रफार एकमेकांना खेटून बसतात. स्क्रीनवर ते सुंदर दिसतं, पण दोन सेंटिमीटरच्या गोल शिक्क्यात मधली फट शाईने भरते आणि वर एक काळा ठिपका उरतो. अनुस्वार, ‘ष्ट’, ‘क्ष’ यांचंही तेच. म्हणून बारीक-जाड रेघांचा सुलेखनी फॉन्ट छोट्या शिक्क्याला घेऊच नये. सगळीकडे सारख्या जाडीचा, पोकळ्या मोठ्या असलेला फॉन्ट निवडा. रेघ अर्ध्या मिलिमीटरहून बारीक नको, खादीसारख्या खरबरीत कापडाला तर एक मिलिमीटर धरा. खऱ्या मापात कागदावर छापून हातभर अंतरावरून वाचून पाहिलं की निम्मा निकाल तिथेच लागतो.

फाइल देतानाही घोळ होतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं डिझाइन दाबलं जातं आणि त्याच्या कडा फुटतात. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शक्यतो पीडीएफ, आणि अक्षरांचे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचं चित्रासारख्या आकारात रूपांतर करून. नाहीतर दुकानातल्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकूर उघडताना वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं सुटतात. मग दुकानदार मजकूर स्वतः पुन्हा टाइप करतो आणि ‘हस्तनिर्मीत’ छापून मोकळा होतो. कोरण्याआधीचं प्रूफ, म्हणजे तपासायचा नमुना, मागा आणि ते अक्षर अक्षर वाचा. डिझाइन आपण आरशासारखं उलटं करून देऊ नये. ते काम तिथे होतंच. दोनदा उलटलेला शिक्का कागदावर उलटा उमटतो.

मजकुरात किंमत, वजन, बॅच क्रमांक कोरून घेऊ नका. बदलणाऱ्या गोष्टींना आकडे फिरवायचा वेगळा शिक्का मिळतो. ‘भारतीय बनावट’ दाखवायला अशोकस्तंभ टाकायचा मोह काहींना होतो. तो टाळाच. राजचिन्हाच्या अशा वापराला २००५ च्या कायद्याने बंदी आहे.

सेल्फ-इंक, म्हणजे आतच शाईचं पॅड असलेला, शिक्का कामाला झटपट असतो, पण तो एकाच शाईला बांधलेला असतो. आज खाकी पाकिटावर पांढरा, उद्या पिशवीवर काळा असं काम असेल, तर माझं मत लाकडी मुठीच्या शिक्क्याला आणि वेगवेगळ्या पॅडला. गुळगुळीत, लॅमिनेट केलेल्या लेबलवर नेहमीची शाई वाळत नाही, बोट लागलं की पसरते. तिथे प्लास्टिकवर चालणारी शाई घ्या किंवा सरळ मॅट लेबल वापरा. कापडाला कापडाचीच शाई लागते. नव्या कापडातली खळ आधी धुऊन काढायची, ठसा पूर्ण वाळू द्यायचा आणि मग वाफ न सोडता उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची. ऑर्डर घेण्याआधी एक तुकडा धुऊन पाहा.

शिक्का नीट आहे, तरी ठसा बिघडतो? नव्या रबरावर भुकटी किंवा तेलकटपणा असतो, म्हणून पहिले ठसे तुटक येतात. साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. कडा उमटतात आणि मधला भाग कोरा राहतो, तेव्हा खाली वर्तमानपत्राची घडी ठेवा. दुहेरी ठसा येतो तो शिक्का डोलवल्यामुळे. सरळ दाबायचा, सरळ उचलायचा. अक्षरं बुजत असतील तर शाई जास्त झाली आहे: शिक्का पॅडवर दाबण्याऐवजी पॅडच शिक्क्यावर हलकेच टेकवा. अक्षरांबाहेर रेघ उमटत असेल, तर कडेचं जास्तीचं रबर ब्लेडने उतरवा.

साफ करायला थिनर किंवा पेट्रोल नको. रबर फुगतं आणि शिक्का पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, असेल तर तो चिकट होतो. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. शिक्का उन्हात वाळवू नका. आणि पैसे देताना डिझाइनची अंतिम फाइल मागून घ्या. पुढचा शिक्का दुसऱ्या गावात करायची वेळ आली, तर पुन्हा टायपिंगपासून सुरुवात करावी लागत नाही.