ओडिसीची टीम : नियम कोणत्या क्रमाने वाचायचे

ओडिसी ऑफ द माइंड या कल्पकतेने प्रश्न सोडवण्याच्या शालेय स्पर्धेत नव्या टीमचे गुण कल्पना कमी पडली म्हणून फारसे जात नाहीत, जुना नियम धरून काम केलं म्हणून जातात. ओळखीच्या शाळेतून कुणीतरी दोन वर्षांपूर्वीची पीडीएफ आणतं, टीम तिच्यावर भिडते, आणि सगळं बांधून झाल्यावर कळतं की यंदा वजनाची मर्यादाच वेगळी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पहिल्यांदा टीम बांधणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मुलांसाठी हे टिपण.

आधी सहसा न बदलणारं पाहू. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ग्लासबरो स्टेट कॉलेजात १९७८ साली सॅम्युएल मिक्लस यांनी ही स्पर्धा सुरू केली. टीममध्ये जास्तीत जास्त ७ जण. सादरीकरणाला ८ मिनिटं, आणि मांडामांड त्यातच. गुण तीन वाट्यांत: लाँग-टर्म म्हणजे टीमने निवडून महिनोन्महिने सोडवलेल्या प्रश्नाला २००, स्पाँटेनिअस म्हणजे खोलीत ऐनवेळी मिळणाऱ्या प्रश्नाला १००, स्टाइल म्हणजे सादरीकरणाच्या सजावटीला ५०. लाँग-टर्ममध्ये गटातल्या सर्वोत्तम टीमला पूर्ण २०० मिळतात आणि बाकीच्यांचे गुण त्या प्रमाणात बसवले जातात. दंडाचे गुण मात्र शेवटच्या बेरजेतून थेट वजा होतात, म्हणून ते जास्त झोंबतात.

दरवर्षी बदलतं ते बाकी सगळं. लाँग-टर्मचे पाच प्रश्न नवे येतात. वाहन, तांत्रिक, अभिजात (जुन्या कला-साहित्यावरचा), बाल्सा-ढाचा (बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचा, वजन पेलणारा सांगाडा) आणि नाट्य ही त्यांची घराणी तेवढी तीच राहतात. खर्चाची मर्यादा, ढाच्याचं वजन, स्टाइलचे ठरवून दिलेले मुद्दे, सगळं नव्याने लिहिलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. नियम तीन ठिकाणी असतात आणि तिन्हींचं वजन सारखं नसतं. सर्वसाधारण नियमांचं पुस्तक म्हणजे प्रोग्रॅम गाइड. त्याच्यावर तुमच्या प्रश्नाचा मजकूर. आणि दोन्हींच्या वर क्लॅरिफिकेशन, म्हणजे वर्ष चालू असताना निघणारे खुलासे. गाइड एक म्हणालं आणि प्रश्न दुसरं, तर प्रश्नाचं ऐकायचं. खुलासा दोघांच्या विरुद्ध गेला तर खुलाशाचं. नवे कोच गाइड पाठ करतात, प्रश्न दोनदा वाचतात आणि खुलाशांच्या पानावर एकदाही जात नाहीत. घात तिथेच होतो, कारण वर्षाच्या मधला नियमबदल नेमका तिथेच येतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. एक वही करा. दर सोमवारी टीममधल्या एकाने खुलाशांचं पान उघडायचं, नवं काही असेल तर तारीख घालून वहीत उतरवायचं आणि प्रश्नाच्या छापील प्रतीवर त्या ओळीशेजारी लाल शाईने खूण करायची. हे काम कोचने करू नये. मुलांनी स्वतः शोधलेला नियम मुलांच्या लक्षात राहतो. तुमच्या कल्पनेबद्दल शंका असेल तर टीमच्या नावाने लेखी प्रश्न पाठवता येतो. त्याचं उत्तर फक्त तुमच्या टीमपुरतं असतं आणि त्याची प्रत स्पर्धेच्या दिवशी सोबत लागते. प्रश्न पाठवण्याची मुदत स्पर्धेच्या बऱ्याच आधी संपते.

एक सावधगिरी. नेटवर शोधलं की डेस्टिनेशन इमॅजिनेशन नावाच्या दुसऱ्या स्पर्धेची कागदपत्रंही समोर येतात. तिथेही सात जणच, शब्दही बरेच सारखे, पण नियम त्यांचे. ‘इन्स्टंट चॅलेंज’ हा त्यांचा शब्द. तो दिसला की ते पान बंद करा.

बाल्साच्या प्रश्नात आकडे सगळ्यात जास्त छळतात, कारण मापं इंचात आणि आपला बाजार मिलिमीटरमध्ये. पट्टीची जाडी-रुंदी सहसा १/८ इंच, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरच्या आत लागते. ३ मिलिमीटरची पट्टी निर्धास्त घ्या. ‘३.२ चालेल’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. उंची किमान ८ इंच मागितली असेल तर ती २०३.२ मिलिमीटर होते. २०३ वर कापलेला ढाचा केसभर बुटका ठरतो, म्हणून २०५ ठेवा. ढाच्याच्या मधून चाचणीयंत्राचा उभा पाइप जायचा असतो. ती मोकळी जागा कागदावर बरोबर येते आणि गोंदाच्या थेंबांनी आत बुजते. ज्या मापाचा पाइप प्रश्नात दिलाय त्याचा तुकडा घरी आणा आणि प्रत्येक ढाचा त्यावरून घालून बघा.

वजनाचं तर वेगळंच. स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. जळगावात सराफांची कमी नाही. ओळखीच्या सराफाचा काटा मिलिग्रॅमपर्यंत सांगतो. गोंद वाळताना पाणी सुटतं, म्हणून चिकटवल्यावर दोन दिवसांनी वजन करा. आणि हवेचं भान ठेवा. आपल्याकडची उन्हाळ्याची कोरडी हवा बाल्साला सुकवते. तोच ढाचा मुंबईसारख्या दमट गावी नेला की तो ओलावा पितो. १५ ग्रॅमच्या ढाच्यात ओलावा ५ टक्क्यांनी वाढला तर जवळजवळ पाऊण ग्रॅम चढतो. मर्यादा १५ असेल तर घरचं लक्ष्य १४.२ ठेवा आणि प्रवासात ढाचा हवाबंद डब्यात न्या. नाहीतर वजनतपासणीच्या टेबलाशी सँडपेपर घेऊन घासत बसावं लागतं, आणि घाईत घासलेला सांधाच आधी तुटतो.

खर्चाचा तक्ता डॉलरमध्ये भरायचा असतो. समजा मर्यादा १२५ डॉलर आणि दर ८५ रुपये, तर हातात १०,६२५ रुपये. ऐकायला भरपूर, पण चूक रकमेत होत नाही, ‘फुकट’ या शब्दात होते. भंगारवाल्याने तशीच दिलेली सायकलची रिम, काकांच्या दुकानातला उरलेला फ्लेक्स, यावलच्या शेतातून आणलेले केळीचे दोर: पैसे दिले नाहीत म्हणून किंमत शून्य होत नाही. जुन्या बाजारात तीच वस्तू जितक्याला जाईल ती किंमत लिहायची. काही वस्तूंना गाइड स्वतःच ठरावीक किंमत लावतं, काहींना पूर्ण सूट देतं. टीमच्या नावाची पाटी सूट असलेल्यांपैकी. ती यादी दरवर्षी थोडी हलते, म्हणून तक्ता भरण्याआधी यंदाचीच यादी उघडा.

ती पाटी विसरणं किंवा तिच्यावर नाव-क्रमांक चुकीचा लिहिणं, याला १ ते १५ गुणांचा दंड आहे. पाच मिनिटांच्या कामासाठी हे फार महाग.

बाहेरची मदत हा नियम आपल्याकडे सगळ्यात अवघड जातो, कारण आपल्या घरांत मुलाला मदत न करणं म्हणजे जवळजवळ पाप. दंड १ ते १०० गुण. कुणाचे वडील वेल्डर असतील तर ते मुलांना वेल्डिंग शिकवू शकतात, टीमच्या गाड्याला स्वतः टाका मारू शकत नाहीत. आई शिलाई मशीन चालवायला शिकवेल, टीमचा पोशाख शिवणार नाही. स्पर्धेच्या दिवशीचा मेकअपसुद्धा टीमनेच एकमेकांना करायचा. सामान स्टेजिंगच्या, म्हणजे मंचावर जाण्याआधी थांबायच्या जागेपर्यंत उचलायला कुणीही चालेल, पुढे फक्त टीम. वाटेत एसटीत काही मोडलं तर दुरुस्ती मुलांचीच, त्यामुळे गोंद, तार, कात्री असलेली पेटी मुलांच्या हाती असू द्या.

कोचने काय बोलावं याचीही हीच रेषा. ‘हे वळताना का अडकतं?’ हा प्रश्न चालतो. ‘इथे पुली लाव’ ही मदत झाली. आणि ‘इथे पुली लावली तर कसं वाटेल रे?’ हीसुद्धा मदतच, प्रश्नचिन्ह लावल्याने ती धुतली जात नाही.

वयोगट ठरवताना टीममधला सर्वात मोठा मुलगा किंवा मुलगी बघतात. अमेरिकेबाहेरच्या टीमसाठी त्या वर्षीच्या १ मे रोजी १२ वर्षांच्या आतले पहिल्या गटात, १५ च्या आतले दुसऱ्यात, त्यापुढचे शाळकरी तिसऱ्यात. २०२६ च्या स्पर्धेसाठी २ मे २०१४ ला जन्मलेलं मूल पहिल्या गटात बसतं, एक दिवस आधी जन्मलेलं बसत नाही. दाखल्यावरची तारीख नीट बघा. आजोबांच्या पिढीसारखी १ जून टाकून मोकळं होण्याचे दिवस गेले. शिवाय ज्याने प्रश्नाच्या उत्तरात काही हातभार लावला तो यादीतून पुसला जात नाही. सातवा सोडून गेला म्हणून आठवा घेता येत नाही, म्हणून सुरुवातीला पाचच घेऊन दोन जागा मोकळ्या ठेवणं शहाणपणाचं.

स्पाँटेनिअस फेरीत पूर्वी सातांपैकी पाचच जण उतरत. आता सगळे उतरू शकतात. जुन्या सल्ल्यांत ‘कोणते पाच निवडायचे’ यावर पानंच्या पानं सापडतील, ती सोडून द्या. प्रश्न तोंडी, हाताने करायचा की दोन्ही, हे खोलीत गेल्यावरच कळतं. तोंडी प्रश्नांत बरेचदा साध्या उत्तराला १ आणि कल्पक उत्तराला ५ गुण असतात. सराव मराठीत, अहिराणीत, जी भाषा सुचेल तीत करा. ‘काय काय पिकतं?’ असं विचारलं की केळी आणि आंबा हे एका गुणाचे. ‘आजोबांचे केस’, ‘नाटकातला हशा’, ‘गावातल्या कंड्या’ इथे पाच मिळतात. खोलीतून बाहेर आल्यावर तो प्रश्न दुसऱ्या टीमला सांगायचा नाही, पुढच्या गावच्या मित्रालाही नाही.

आणि पायात काहीतरी घालायचं. आपल्याकडे मंचावर जाताना चपला काढतात, इथे अनवाणी मूल दिसलं की जज थांबवतात. वारकऱ्याच्या किंवा आदिवासी नर्तकाच्या वेशातल्या मुलालाही साधे बूट नाहीतर कापडी सँडल हवेतच, आणि ते पोशाखात बसतील असे रंगवायचे काम तालमीच्या पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या.