व्हाइट वाइनची ब्लाइंड टेस्टिंग: या चुका टाळा

नागपुरात आम्ही मित्रमंडळी बरीच वर्षं व्हाइट वाइनच्या ब्लाइंड टेस्टिंगला, म्हणजे लेबल झाकून वाइन चाखायला आणि गुण द्यायला, बसतो. घर बदलतं, माणसं बदलतात, चुका मात्र त्याच होतात. सगळ्यांनी पैसे काढून चांगल्या बाटल्या आणलेल्या असतात आणि चांगली वाइन गुणांत उगाच तळाला जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिली चूक तापमानाची, आणि निम्मे निकाल तिथंच बिघडतात. मे महिन्यात धरमपेठेतल्या एका फ्लॅटवर आठ जण बसले होते. पाच बाटल्या, प्रत्येक ब्राउन पेपरच्या पिशवीत. ओतायचं काम माझ्याकडे, त्यामुळे मी गुण देत नव्हतो. एक आणि चार नंबरच्या पिशव्यांत मी मुद्दाम नाशिकची एकच शेनिन ब्लाँ (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन) ठेवली होती. हा माझा कायमचा शिरस्ता आहे. एकच वाइन दोनदा चाखली की गुणांवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. चार नंबरची बाटली रात्रभर फ्रीजमध्ये होती. एक नंबरची ऐन वेळी गाडीच्या डिकीतून आली. थोडा वेळ बर्फात ठेवू म्हटलं, तर यजमान म्हणाले, "अर्ध्या तासानं काय फरक पडून राहिला बे? ओत ना!" मी ऐकलं, ऐकायला नको होतं. चार नंबर पहिली आली, एक नंबर शेवटची. एका वहिनींच्या कागदावर चारपुढे "हिरवं सफरचंद, लिंबू" होतं आणि एकपुढे "जड, गोडसर, नाकाला झोंबते". पिशव्या काढल्यावर त्या दोन्ही बाटल्या हातात धरून कितीतरी वेळ बघत होत्या.

वाइन कोमट झाली की अल्कोहोल नाकात चढतं, आंबटपणा बोथट होतो आणि गोडी पुढे येते. फार थंड असली की वास दबतो, दोषही लपतात. फ्रीजमधलं ४ अंश हे चाखण्यासाठी फारच थंड. सोविन्यों ब्लाँ आणि शार्डने याही द्राक्षावरूनच नाव पडलेल्या वाइन. सोविन्यों ब्लाँ, शेनिन ८ ते १० अंशांना बरी, ओक लाकडाच्या पिंपातली शार्डने ११-१२ ला. मी सगळ्या बाटल्या आदल्या रात्री एकाच फ्रीजमध्ये ठेवतो आणि चाखायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एकदम बाहेर काढतो. उशिरा आलेल्या बाटलीसाठी बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी. नुसत्या बर्फात फटी राहतात, पाणी बाटलीला सगळीकडून लागतं. घाई असणाऱ्यानं तेवढा वेळ गच्चीवर जाऊन यावं.

कूलरसमोर बसू नका. वाळ्याच्या नव्या ताट्या ओल्या झाल्या की तो वास खोलीभर पसरतो आणि मग प्रत्येक ग्लासात "माती, गवत" सापडतं. अत्तर, उदबत्ती यांचंही तेच. सावजी नंतर खा. तिखटानं पोळलेल्या जिभेला आंबटगोड काही कळत नाही. मध्ये साधा ब्रेड आणि पाणी पुरे.

दुसरी चूक मोठ्यानं बोलण्याची, आणि हिचा मला तापमानापेक्षा जास्त राग येतो. एकानं पहिल्याच घोटाला "पेरू!" म्हटलं की पुढच्या पाच कागदांवर पेरू उमटतो. सोविन्यों ब्लाँमध्ये पेरूचा वास खरोखर येतो, म्हणून तर त्या शब्दाला कोणी विरोध करत नाही. पण शार्डनेच्या ग्लासापुढेही तो लिहिलेला मी पाहिला आहे. सगळ्यांचे कागद भरेपर्यंत शब्द नाही, मान हलवणं नाही, "अहाहा" नाही. नवशिक्यांना ही शांतता जड जाते. मी त्यांना प्रत्येक ग्लास दोनदा हुंगायला लावतो, पहिल्यांदा न हलवता, मग गोल फिरवून. हात गुंतले की तोंड आपोआप बंद राहतं.

सुला या वाइन कंपनीनं २००० साली सोविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ बाजारात आणल्या, तेव्हापासून आपल्याकडे दोन्ही ओळखीच्या आहेत आणि म्हणूनच एका रांगेत लावल्या जातात. तुलना करायची तर द्राक्षाच्या एकाच जातीची करा. लेट हार्वेस्टसारखी (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) गोड वाइन अगदी शेवटी. मध्ये आली तर पुढची बिचारी नुसती आंबट लागते.

एका ग्लासात ५० मिलीच ओता, ७५० मिलीच्या बाटलीत पंधरा जणांचं होतं. थुंकायला भांडं ठेवा आणि ते वापरा. लाजून सगळं गिळणाऱ्याचे चौथ्या ग्लासापासूनचे गुण मी धरत नाही.

पिशवीतून मान दिसली तर बूच की फिरकीचं झाकण ते कळतं आणि लोक अंदाज बांधतात. गळ्यापर्यंत गुंडाळा, ओतणारा वेगळा ठेवा.

दुकानात उन्हाळाभर उकडलेली बाटली गुण देण्यापूर्वीच बाजूला काढा. बूच वर सरकलेलं, रंग तपकिरीकडे झुकलेला, वास शिजवलेल्या सफरचंदाचा: ही उष्णतेनं खराब झालेली वाइन आहे, तिची तुलना कशाशी करणार?

आणि गुणांत खाडाखोड होऊ देऊ नका. मी आधी सगळ्यांची पेनं गोळा करतो, मगच पिशव्या काढतो.