राउटरचा लॅन आयपी बदला, पण राउटर हातातून जाऊ देऊ नका

लॅन आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला राउटरचा स्वतःचा पत्ता, बदलून 'सेव्ह' दाबले की बहुतेक राउटरांचे पान नुसते गोल फिरत राहते. जुना पत्ता उघडत नाही, नवाही उघडत नाही, आणि राउटर गेला असे वाटून हात रिसेटच्या बटणाकडे वळतो. प्रत्यक्षात राउटर ठणठणीत असतो. तो नव्या पत्त्यावर गेलेला असतो आणि संगणक मात्र जुन्याच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या गटात) बसलेला असतो. घरच्या नेटवर्कचा मास्क (हा गट कुठवर ते ठरवणारा आकडा) बहुधा २५५.२५५.२५५.० असतो, म्हणजे पहिले तीन आकडे जुळले तरच दोन उपकरणे एकमेकांशी थेट बोलतात. न जुळणाऱ्या पत्त्यासाठी संगणक गेटवेकडे (नेटवर्कबाहेर जायच्या दाराकडे) धाव घेतो, आणि त्याच्याकडे नोंदलेला गेटवे म्हणजे राउटरचा जुना पत्ता. तिथे आता कोणीच नाही.

म्हणून राउटरला हात लावण्याआधी संगणकाची सोय करायची. सोय सोपी आहे: एकाच नेटवर्क कार्डाला जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सबनेटमधला एकेक पत्ता देऊन ठेवायचा. मग राउटर कुठेही असला तरी संगणक त्याच्यापर्यंत पोहोचतो.

बदलायची खरी कारणे

कारणे मोजकीच आहेत. पहिले, इंटरनेट कंपनीचे मोडेम किंवा ओएनटी (फायबरची जोडणी घेणारा डबा) स्वतःच १९२.१६८.१.१ वर बसलेले आहे आणि त्याच्यामागे लावलेला तुमचा राउटरही त्याच १९२.१६८.१.१ वर आहे. वॅन (इंटरनेटची बाजू) आणि लॅन (घरची बाजू) दोन्हीकडे एकच सबनेट आले की पॅकेट (माहितीचा तुकडा) कुठल्या बाजूला सोडायचे हे राउटरला ठरवता येत नाही. काही राउटर अशा वेळी आपला लॅन आयपी आपणहून बदलतात, काही तसेच अडून बसतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी पाहिला की हे लगेच कळते. दुसरे कारण व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट. कार्यालयाचे नेटवर्क आणि घरचे नेटवर्क एकाच सबनेटमध्ये असेल तर व्हीपीएन जोडले जाते, पण कार्यालयाचा सर्व्हर उघडत नाही, कारण संगणक तो पत्ता घरातच शोधत राहतो. तिसरे, दोन घरे किंवा दोन जागा व्हीपीएनने एकमेकांना जोडायच्या असतील तर दोन्हीकडे वेगळे सबनेट लागतेच.

सुरक्षिततेसाठी म्हणून बदलत असाल तर श्रम वाचवा. नेटवर्कमध्ये शिरलेल्या कोणालाही गेटवेचा पत्ता आपोआप मिळतो. तो लपत नाही. त्यापेक्षा ॲडमिनचा पासवर्ड बदला.

नवा पत्ता कोणता

खासगी वापरासाठी तीनच पट्टे राखीव आहेत, १९९६ पासून: १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५. १७२ च्या पट्ट्यात बरेच जण चुकतात. १७२.३२ पासून पुढचे पत्ते सार्वजनिक आहेत. ते घरी वापरले तर इंटरनेटवरचे तेवढे खरे पत्ते तुमच्यासाठी बंद होतात. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी आहे. तोही घ्यायचा नाही.

पट्ट्याच्या आतही वर्दळीचे पत्ते टाळा. १९२.१६८.०, १९२.१६८.१ आणि १०.०.० सगळीकडे सापडतात. १९२.१६८.३१ शाओमीचे, १९२.१६८.५० आसुसच्या नव्या राउटरांचे, १९२.१६८.८८ मायक्रोटिकचे, १९२.१६८.१०० बऱ्याच मोडेमांचे, १९२.१६८.१३७ विंडोजच्या हॉटस्पॉटचे. डॉकर हे सॉफ्टवेअर १७२.१७ पासून सुरुवात करते आणि आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० वर चालतो. तिसरा आकडा काहीतरी आडवातिडवा घ्या. इथे उदाहरणासाठी जुना पत्ता १९२.१६८.१.१ आणि नवा १९२.१६८.७३.१ धरू. शेवटचा आकडा ० किंवा २५५ नको, मास्क आहे तोच २५५.२५५.२५५.० ठेवा. गेस्ट वाय-फायला किंवा राउटरवरच्या व्हीपीएन सर्व्हरला स्वतःचे वेगळे सबनेट असते. नवे सबनेट त्यांच्यावर चढत नाही ना, तेही पाहून घ्या.

आणि हे सगळे आकडे राउटरच्या पानावर इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. कीबोर्ड मराठीवर राहिला तर रकाना 'अवैध पत्ता' म्हणून ओरडतो आणि कारण पटकन लक्षात येत नाही.

आधीची तयारी

राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घ्या, पण त्यावर विसंबू नका: तो परत चढवला की जुना लॅन आयपीही परत येतो. म्हणून काही गोष्टी कागदावर किंवा मोबाइलच्या फोटोत हव्यातच. पीपीपीओई (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) असेल तर त्याचे युजरनेम व पासवर्ड, व्हीलॅन आयडी (जोडणीसाठी कंपनीने दिलेला क्रमांक) असल्यास तो, वाय-फायचे नाव व पासवर्ड, डीएचसीपी पूलची (राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांची) सुरुवात व शेवट, ठरावीक उपकरणांसाठी राखीव पत्त्यांची यादी मॅक पत्त्यांसह (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकांसह), पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरची रहदारी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवण्याचे) नियम, आणि डीएचसीपीच्या पानावर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून काही भरलेले असेल तर ते. उद्या वेळ आलीच आणि रिसेट करावे लागले तर पीपीपीओईचा पासवर्ड नसणे हीच सर्वांत मोठी अडचण ठरते.

मग घरात हाताने पत्ता दिलेली उपकरणे कोणती ते शोधा. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि खुद्द कॅमेरे, नॅस (नेटवर्कवरची साठवण), ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय देणारे उपकरण) म्हणून लावलेला जुना राउटर, पाय-होलसारखा घरचा डीएनएस सर्व्हर. राउटरचा पत्ता बदलला तरी ही उपकरणे जुन्याच पत्त्यावर बसून राहतील आणि मग त्यांच्या सेटिंगमध्ये शिरणे अवघड होईल. शक्य असेल त्यांना आधीच 'आपोआप पत्ता घ्या' यावर टाका आणि पुढे राउटरमधूनच पत्ता राखून द्या. यापुढे कधी पत्ता बदलावा लागला तर काम निम्मे होते.

घाई नसेल तर आदल्या दिवशी डीएचसीपीची लीज, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, २४ तासांवरून १० मिनिटांवर आणा. उपकरण लीजची निम्मी मुदत उलटली की नूतनीकरण मागते, त्यामुळे एका दिवसात सगळी उपकरणे छोट्या लीजवर येतात आणि बदलानंतर पाच-दहा मिनिटांत आपणहून नव्या सबनेटमध्ये शिरतात. काम झाल्यावर लीज पूर्ववत करायची.

संगणकाला दोन पत्ते

लॅन केबलने राउटरच्या लॅन पोर्टला थेट जोडा आणि लॅपटॉपचे वाय-फाय बंद करा. दोन्ही चालू असतील तर कोणत्या वाटेने राउटर दिसतो आहे हेच कळत नाही. दूर बसून, रिमोट डेस्कटॉपवरून हे काम करूच नका.

विंडोजमध्ये नेटवर्क ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' उघडा. आपोआप पत्ता घेणे बंद करून १९२.१६८.१.२०० आणि मास्क २५५.२५५.२५५.० भरा, हा पत्ता डीएचसीपी पूलच्या बाहेरचा आणि रिकामा असला पाहिजे. गेटवे रिकामा ठेवला तरी चालतो, या कामाला इंटरनेट लागत नाही. मग खालचे 'ॲडव्हान्स्ड' बटण दाबून आयपी पत्त्यांच्या यादीत 'ॲड' करा: १९२.१६८.७३.२००, मास्क तोच. लिनक्सवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ 'मॅन्युअल' केले की एकाखाली एक दोन ओळी भरता येतात. ॲपलच्या मॅक संगणकावर त्याच केबल-जोडणीसाठी दुसरी सेवा जोडून तिला नवा पत्ता द्यावा लागतो.

आता जुन्या पत्त्यावर राउटरचे पान उघडते ना, ते तपासा. उघडले तरच पुढे जा.

प्रत्यक्ष बदल

लॅन सेटिंगच्या पानावर आयपीच्या जागी १९२.१६८.७३.१ लिहा. डीएचसीपीचा पूल त्याच पानावर असेल तर तोही त्याच फेरीत बदला, उदाहरणार्थ १९२.१६८.७३.१०० ते १९२.१६८.७३.१९९. काही राउटर लॅन आयपी बदलला की पूल आपोआप सरकवतात. काही तो नव्या सबनेटमध्ये नसेल तर सेव्हच करू देत नाहीत. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे काही जण निमूटपणे जुनाच पूल ठेवतात. या शेवटच्या प्रकारात उपकरणांना चुकीचे पत्ते मिळतात किंवा मिळतच नाहीत. पूल वेगळ्या पानावर असेल तर आधी लॅन आयपी बदलायचा, नव्या पत्त्यावर लॉगिन करायचे आणि मग पूल दुरुस्त करायचा. संगणकाचा पत्ता हाताने दिलेला असल्यामुळे मधल्या गोंधळाचा आपल्याला त्रास होत नाही.

सेव्ह केल्यावर एक-दोन मिनिटे थांबा. बरेच राउटर या बदलासाठी पुन्हा चालू होतात. फिरणाऱ्या पानाकडे लक्ष देऊ नका. नवीन टॅबमध्ये पत्ता लिहिताना सुरुवातीला 'एचटीटीपी' आणि कोलन-स्लॅश-स्लॅश स्वतः टाइप करा, नाहीतर ब्राउझर कधी शोध घेत बसतो, कधी एचटीटीपीएसचा हट्ट धरतो. राउटर एचटीटीपीएसवरच चालत असेल तर नव्या पत्त्यासाठी प्रमाणपत्राचा इशारा पुन्हा दिसेल. तो अपेक्षितच आहे.

दोन प्रकारच्या राउटरांच्या बाबतीत नेहमीची वाट चालत नाही. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवरच्या सॉफ्टवेअरच्या वेब पानावर बदल लागू केल्यानंतर ९० सेकंदांत ब्राउझर नव्या पत्त्यावर पोहोचला नाही तर राउटर बदल आपोआप मागे घेतो. उपयोगी सोय आहे, पण ती माहीत नसेल तर 'सेव्हच होत नाही' असे वाटते. संगणकाला नव्या सबनेटचा पत्ता असेल तर नव्या पत्त्याचे पान लगेच उघडून बदल पक्का करता येतो. नाहीतर तपासणीशिवाय लागू करण्याचा पर्यायही तिथेच असतो. मायक्रोटिकमध्ये लॅन पत्ता, त्याच नोंदीतला 'नेटवर्क' रकाना, पूल आणि डीएचसीपी सर्व्हरच्या 'नेटवर्क' नोंदीतले गेटवे व डीएनएस हे सगळे वेगवेगळे बदलावे लागतात. 'नेटवर्क' रकाना जुनाच राहिला की पत्ता दिसतो बरोबर, पण रहदारी चालत नाही. तिथे विनबॉक्स या मायक्रोटिकच्या प्रोग्रामने आयपीऐवजी मॅक पत्त्यावरून जोडून घ्या. मग आयपीचे काहीही झाले तरी जोडणी टिकते.

बाकीचे घर

राउटरमध्येच आधी तीन जागा तपासा. राखीव पत्ते बहुतेक वेळा जुन्या सबनेटचेच राहतात. ते काढून नव्याने टाका. पोर्ट फॉरवर्डिंगचे नियमही जुन्या पत्त्यांकडेच बोट दाखवत असतात. आणि डीएचसीपीत डीएनएस म्हणून जुना राउटर किंवा जुन्या पत्त्यावरचे पाय-होल लिहिलेले असेल तर घरातून एकच तक्रार येईल: वाय-फाय आहे, नेट नाही. अशा वेळी १.१.१.१ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते पाहा. उत्तर आले, पण संकेतस्थळे उघडत नसतील तर दोष डीएनएसचा आहे, राउटरच्या पत्त्याचा नाही. राउटरवर व्हीपीएन सर्व्हर असेल तर फोनमधली प्रोफाइल नव्याने काढून घ्या. जुन्या प्रोफाइलमध्ये जुन्या सबनेटचा मार्ग लिहिलेला असू शकतो.

वाय-फायवरची उपकरणे राउटर पुन्हा चालू झाला की आपोआप नवा पत्ता घेतात. अडलेल्या फोनचे वाय-फाय बंद-चालू करा. मधल्या नेटवर्क स्विचला (एका केबलच्या अनेक वाटा करणाऱ्या डब्याला) जोडलेली उपकरणे मात्र मागे राहतात: राउटर बंद होऊन चालू झाला तरी त्यांची केबल स्विचमध्ये जिवंतच असते, त्यामुळे काही बदलल्याचे त्यांना कळत नाही. स्विचची वीज काढून दहा सेकंदांनी पुन्हा द्या, एका फटक्यात सगळी जागी होतात. विंडोजमध्ये प्रिंटरचा पोर्ट आयपीने जोडलेला असेल तर तो नव्या पत्त्याचा करावा लागतो. नेटवर्क ड्राइव्ह आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधली यादी यांचेही तेच.

जुन्या पत्त्यावर हटून बसलेला ॲक्सेस पॉइंट वाय-फाय देत राहतो, पण त्याचे पान उघडत नाही. संगणकाचे दोन पत्ते म्हणूनच लगेच काढू नका: १९२.१६८.१.२०० च्या जोरावर अशी मागे राहिलेली उपकरणे एकेक करून उघडता येतात.

तरीही पान उघडत नसेल

संगणक पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर टाका, केबल काढून लावा आणि मिळालेला पत्ता व गेटवे पाहा. गेटवेच्या जागी दिसतो तोच राउटरचा खरा पत्ता. ७३ ऐवजी ३७ टाइप झाले असेल तर इथेच सापडेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपी उत्तर देत नाही: नव्या सबनेटचा पत्ता पुन्हा हाताने द्या आणि पूल दुरुस्त करा. जुनाच पत्ता मिळाला तर बदल सेव्हच झालेला नाही, किंवा पूल मागे राहिला आहे, किंवा घरात दुसरेच कोणी डीएचसीपी वाटते आहे. जुन्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करताना त्याचा डीएचसीपी बंद करायचा राहून गेलेला असतो.

यातले काहीच लागू पडले नाही तरच रिसेट. राउटर चालू ठेवून बटण साधारण १० सेकंद दाबून धरा, दिवे बदलले की सोडा. पत्ता आता मूळचा, तळाच्या लेबलवर लिहिलेला असेल, आणि पीपीपीओई, व्हीलॅन, वाय-फाय सगळे पुन्हा भरावे लागेल. बॅकअप चढवायचा असेल तर तो आधी चढवा आणि लॅन आयपी त्यानंतर बदला, उलट क्रमाने नाही. सगळे नीट चालू लागल्यावर नव्या पत्त्यासह ताजा बॅकअप घ्या आणि जुन्या फाइलच्या नावात जुना पत्ता लिहून ती बाजूला ठेवा.