सेस्ना १७२ धुताना प्रेशर वॉशर कुठे चालतो, कुठे नाही

सेस्ना १७२ हे चार आसनी, एका इंजिनाचं छोटं विमान नीट धुवायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. त्यातला बराच वेळ नळ सोडायच्या आधीच संपतो, आणि तो तसाच संपायला हवा. विमान पावसात उभं राहतं, मग धुण्याला एवढं काय भ्यायचं, असं नव्या मदतनिसाला वाटतं. पण पाऊस वरून पडतो आणि त्याला जोर नसतो. गाड्या धुवायला मिळणारा साधा वॉशर १०० ते १५० बारचा, म्हणजे साधारण दीड ते सव्वादोन हजार पीएसआयचा असतो. ते पाणी खालून, मागून, जिथे पाऊस कधीच पोचत नाही अशा फटीत घुसतं आणि तिथेच बसून राहतं.

किती दिवसांनी धुवायचं ते जागेवर ठरतं. गंज रोखण्यासाठी अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेच्या मार्गदर्शनात सौम्य हवामानात ९० दिवसांनी, मध्यम हवामानात ४५ दिवसांनी आणि तीव्र हवामानात १५ दिवसांनी धुवावं असं आहे. जुहूसारख्या किनाऱ्यालगतच्या धावपट्टीवरचं विमान शेवटच्या गटात धरा. धुळे, शिरपूर, बारामतीकडे खारी हवा नाही, पण धूळ भरपूर. शिवाय बोअरचं जड पाणी असेल तर पत्र्यावर वाळून पांढरे डाग राहतात. तिथे शेवटचं पाणी मऊ घ्या, नाहीतर वाळायच्या आत पुसून काढा.

आधी बंद करायचं

विमान सावलीत घ्या. पत्र्याला तळहात लावून पाहा. चटका बसत असेल तर साबण वाळून चट्टे पडतील. चाकांना चोक (अडवायच्या पाचरी), मास्टर स्विच बंद, इंजिनला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची चावी काढून खिशात.

आता भोकं. १७२मध्ये बहुतेक नाजूक भोकं डाव्या अंगाला आहेत: पंखाखाली वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी पिटो ट्यूब, पंखाच्या पुढच्या कडेला स्टॉल वॉर्निंगचं (पंखाची उचल सुटायच्या आधी इशारा देणाऱ्या यंत्राचं) तोंड, पंखाला आधार देणाऱ्या दांड्याजवळ, म्हणजे स्ट्रटजवळ, इंधनाच्या टाकीचा व्हेंट, आणि दाराच्या पुढे बॉडीवर स्टॅटिक पोर्ट, म्हणजे उंची आणि वेग दाखवणाऱ्या उपकरणांना बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारं भोक. याशिवाय काउलिंगची (इंजिनवरच्या झाकणाची) हवा आत घेणारी तोंडं, पंखाच्या मुळाशी असलेले केबिनचे व्हेंट आणि ब्रेकच्या डिस्क. पिटोला त्याचं कव्हर, काउलिंगला फोमचे प्लग, ब्रेकला प्लास्टिकची पिशवी. बाकीच्यांना भडक लाल किंवा नारिंगी टेप, आणि प्रत्येक टेपला वीतभर लोंबती पट्टी. चंदेरी, पांढरी किंवा पारदर्शक टेप हँगरमध्ये ठेवूच नका. २ ऑक्टोबर १९९६ला लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७च्या स्टॅटिक पोर्टवर सफाईच्या वेळी लावलेली टेप तशीच राहिली होती. रात्रीच्या अंधारात उंची आणि वेग दोन्ही खोटे दिसू लागले, विमान समुद्रात पडलं आणि ७० जण गेले.

टेप लावून झाल्यावर मोजा, आकडा कार्डावर लिहा आणि कार्ड वैमानिकाच्या समोर काचेच्या आतून अडकवा. आकडा जुळल्याशिवाय ते कार्ड निघत नाही.

टेप विसरणं ही एक चूक. न झाकता पाणी मारणं ही त्याच्या उलट चूक, आणि तीही तितकीच महाग. नोव्हेंबर २००८मध्ये पेर्पिन्याँजवळ कोसळलेलं एअरबस ए३२० तीन दिवस आधी, रंग देण्यापूर्वी, अँगल ऑफ अटॅकचे (पंख हवेला किती कोनात भिडतो ते मोजणारे) सेन्सर न झाकता पाण्याने धुतलं होतं. आत शिरलेलं पाणी उंचीवर गोठलं, तीनपैकी दोन सेन्सर जागीच अडकले. सातही जण दगावले.

वॉशर वापरायचाच असेल तर

एका विमानासाठी बागेचा पाइप, मऊ ब्रश आणि बादली एवढं पुरतं. वॉशर घेतलात तर ४० अंशांची पांढरी नोझल लावा, दाब यंत्राला जमेल तितका कमी ठेवा आणि नोझल पत्र्यापासून किमान हातभर, शक्यतो मीटरभर लांब धरा. लाल नोझल, म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, पेटीतून काढून कुलपात टाका. ती रंग सोलते, स्टिकर उपटते आणि सीलंट उखडते.

धारेची दिशा नाकाकडून शेपटीकडे. पत्र्याचे जोड वाऱ्याच्या हिशेबाने केलेले असतात: पुढचा पत्रा मागच्यावर चढतो, छपराच्या कौलांसारखा. मागून धार मारली की पाणी थेट जोडाच्या पोटात जातं. तिथे आधीच मीठ आणि धूळ असेल तर त्या ओलीला सुकायला जागा नाही, आणि काही महिन्यांनी रंगाखाली फोड दिसू लागतात.

पुढच्या ठिकाणी वॉशर अजिबात नको: चाकांच्या बेअरिंगा, नाकाच्या ओलिओची (चाकाचे झटके झेलणाऱ्या दांड्याची) सील, प्रोपेलरचा हब, एलेरॉन-एलेवेटरची (पंख आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांची) बिजागरं, फ्लॅपचे ट्रॅक आणि रोलर, ट्रिम टॅबचा स्क्रू, अँटेना, काचा, आणि विजेची कुठलीही जोडणी. बेअरिंगचं ग्रीस धारेने सुटतं, त्याच्या जागी पाणी बसतं. बाहेरून चाक चकचकीत दिसतं आणि खडखड मात्र पुढच्या तपासणीत ऐकू येते. इथे ओलं फडकं, दातांचा ब्रश आणि सबुरी.

साबण

विमानासाठीचा क्लीनर घ्या आणि लेबलवर लिहिलंय त्याच प्रमाणात पातळ करा. जास्त घातल्याने जास्त साफ होत नाही, फक्त धुवून काढायला दुप्पट पाणी लागतं. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातात. संडास साफ करायचं ॲसिड लँडिंग गिअरच्या कडक स्टीलमध्ये हायड्रोजन घुसवतं. ते स्टील बाहेरून धड दिसतं आणि आतून ठिसूळ होतं. तारेची घासणी तर दारातच अडवा: तिचे लोखंडी कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती गंजाचा ठिपका उठतो.

साबण खालून वर लावत जा, धुवायचं मात्र वरून खाली. उलट केलंत तर मळकट ओघळ कोरड्या पत्र्यावर उतरतात आणि त्या रेघा सहज जात नाहीत.

पोट

खरी मेहनत इथे. सायलेन्सरच्या मागे पोटावर राखाडी-काळा पट्टा उठतो, त्यात ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीचं तेल मिसळलेलं असतं. १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. जळल्यावर ते ब्रोमाइडच्या रूपात बाहेर पडतं, ओल मिळाली की पत्रा खातं. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घाला, कारण उताणं पडून काम करताना ते थेंब तोंडावरच येतात. हे पाणी गटारात सोडू नका. तेल वेगळं करणाऱ्या टाकीत जाऊ द्या.

डीग्रीझर मारण्याआधी टॉर्च घेऊन एकेक रिव्हेट पाहा. एखाद्याच्या डोक्यामागे काळी शेपटी उमटली असेल, काजळाचं बोट ओढल्यासारखी, तर ती घाण नाही. रिव्हेट सैल होऊन पत्र्यावर घासतोय, त्याची ती बारीक पूड आहे. पेन्सिलीने खूण नको, ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला गंज लावतं. कागदी टेपचा तुकडा चिकटवा, फोटो काढा, इंजिनिअरला बोलवा, मगच धुवा. तो पुरावा एका फवाऱ्यात जातो.

मग डीग्रीझर लावा, ५-१० मिनिटं मुरू द्या, वाळू मात्र देऊ नका. मऊ ब्रशने वाऱ्याच्या दिशेत घासा, भरपूर पाण्याने धुवा.

काच आणि इंजिन

पुढची काच ॲक्रिलिकची आहे. आधी नुसतं पाणी सोडा आणि अंगठी-घड्याळ काढून उघड्या तळव्याने कचकच चाचपत धूळ सोडवा; फडक्यात अडकलेला वाळूचा कण हाताला कळत नाही. पुसायचं ते वरून खाली, गोल गोल नाही. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, अल्कोहोल किंवा घरातला ग्लास क्लीनर लागला की काचेत केसासारख्या भेगा पडतात आणि उन्हासमोर उतरताना समोरचं सगळं चमचमतं.

इंजिन गार झाल्याशिवाय हात लावू नका, आणि त्यावर पाण्याची धार नाहीच. मॅग्नेटोच्या व्हेंटवर टेप, अल्टरनेटर आणि स्टार्टर झाकलेले, खाली मोठं भांडं. सॉल्व्हंट ब्रशने लावा, ५ ते १० मिनिटांनी सॉल्व्हंटनेच धुवा, सुकू द्या. मग टेप काढा आणि कंट्रोलचे सांधे पुन्हा वंगणा.

सुटे भाग

काढलेले काउलिंग आणि चाकांचे अर्धे भाग पार्ट्स वॉशरवर धुता येतात. बेअरिंग सॉल्व्हंटमध्ये बुडवून धुवा. सुकवताना कॉम्प्रेसरच्या हवेने ती भिंगरीसारखी फिरवायची मजा घेऊ नका, वंगणाविना फिरलेले रोलर आणि रेस चरे घेऊन बसतात. भागाची डाय पेनिट्रंट (भेगेत रंग शिरवून भेग शोधायची) तपासणी व्हायची असेल तर तो पूर्ण कोरडा करा. भेगेत पाणी असेल तर रंग आत शिरतच नाही आणि भेग असूनही तपासणी निर्मळ येते.

आता उघडायचं

टेपा काढा, मोजा, कार्डाशी जुळवा. पोर्टवर गोंद राहिलाय का ते नखाने पाहा. पिटो किंवा स्टॅटिकमध्ये तोंडाने वा हवेच्या नळीने फुंकू नका, पलीकडची उपकरणं तेवढा दाब सोसत नाहीत. एलेरॉन, एलेवेटर, रडर यांची निचऱ्याची भोकं मोकळी आहेत का बघा; कुंभारमाशी तिथे मातीचं घर हमखास बांधते. या हलत्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे कंट्रोल सरफेसमध्ये, पाणी साचलं तर त्याचा तोल बिघडतो, आणि त्यातून फ्लटर, म्हणजे वाऱ्यात जोराची धोकादायक थरथर, होऊ शकतो.

ग्रीस आणि वंगणाची ठिकाणं मेन्टेनन्स मॅन्युअलप्रमाणे पुन्हा भरा. १७२ एस असेल तर इंधनाचे तेराही निचरे तपासा: प्रत्येक पंखाखाली पाच, पोटाखाली तीन. पाणी निळ्या पेट्रोलच्या तळाशी रंगहीन बसतं. कप अख्खाच रंगहीन दिसला तर हाती नुसतं पाणी आलंय. निळं येईपर्यंत काढत राहा. शेवटी टॅक्सी करताना ब्रेक दोन-तीनदा हळू दाबून डिस्क कोरड्या करा, आणि मगच विमान उभं करून पार्किंग ब्रेक ओढा.