कोकणात विमान बांधायचं तर: किट मागवण्याआधीची तयारी

घरी बांधलेल्या छोट्या विमानांचे व्हिडिओ पाहून एखादं मनात भरतं आणि माणूस थेट किटची, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या पेटीची, किंमत विचारायला जातो. त्याआधी विमानं ओळखायला शिका. नाव सांगता आलं म्हणजे ओळख झाली असं नाही. बाहेरच्या खुणांवरून विमान कशाचं बांधलंय ते कळायला हवं, कारण आपल्या खाऱ्या, दमट हवेत काय टिकेल ते त्यावर ठरतं.

पंख खाली, पत्र्यावर रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) सरळ ओळी, आटोपशीर अंग, हे बहुधा व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतलं. दोघं मागेपुढे बसत असतील तर आरव्ही-4 किंवा आरव्ही-8 असेल, चार आसनं असतील तर आरव्ही-10. पंख वर, जाडजूड, आणि त्याच्या पुढच्या कडेला फट ठेवून कायमची बसवलेली पट्टी दिसली, तर ते ख्रिस हाइन्ट्झ यांनी आखलेलं झेनिथ सीएच 701. थोडक्या जागेत उठणं ही त्याची खासियत. मागच्या कडेखाली वेगळी लोंबती पट्टी आणि मागे दुमडता येणारे पंख असतील तर किटफॉक्सच्या कुळातलं समजा. नाकाजवळ छोटा पंख, इंजिन मागे, आणि उभं असताना नाक जमिनीला टेकलेलं, हे बर्ट रुटान यांनी आखलेलं 1979 मधलं लाँग-ईझी, फोम आणि फायबरग्लासचं. उघड्या कॉकपिटच्या वर दांड्यांवर तोललेला पंख दिसला तर पीटनपोल एअर कँपर. 1929 साली फोर्ड मोटारीचं इंजिन लावून ते उडालं आणि लाकूड-कापडावर आजही लोक ते बांधतात.

आता यातलं कुठलं घ्यायचं? किनाऱ्यावर राहणाऱ्याला माझं सांगणं, सीएच 701 किंवा त्याच्यासारखं. आरव्हीचा पत्रा 2024 या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. त्यात तांबं असतं, त्यामुळे तो मजबूत, पण खाऱ्या हवेत कमकुवत. म्हणून त्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो आणि एका ओरखड्यात तो निघून जातो. 701 चा 6061 जातीचा पत्रा गंजाला बराच जास्त तोंड देतो. तरी आतून-बाहेरून इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा गंजरोधक थर) हवाच, तोही दोन पत्रे एकमेकांना जोडण्याआधी. जोडल्यानंतर सांध्यात ब्रश पोचत नाही आणि पांढरी भुकटी तिथूनच फुटते. पीटनपोल देखणं आहे, मलाही आवडतं, पण वाळवी आणि पावसाळ्यात फुगणारं लाकूड यांच्याशी जन्मभर लढायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा.

मग जागा. या विमानांचा पंखविस्तार साधारण सात ते दहा मीटर असतो, पण पंख वेगळे बांधून ठेवता येतात, त्यामुळे सहा-सात मीटर लांबीचा मांगर (घराबाहेरची शेड) पुरतो. आधी दार मोजा, मग गडग्यातली वाट, मग मुख्य रस्त्यापर्यंतची पाणंद. शेणाने सारवलेली जमीन ओल धरते, म्हणून खाली प्लास्टिक अंथरून वर काँक्रीट करून घ्या. दार नैऋत्येला असेल तर पावसाची झड थेट कामावर येणार, ते बदलून पूर्वेला काढा. कौलं मेमध्येच शिवून घ्या. भिंतीवर आर्द्रतामापक लावा. जून ते सप्टेंबर इपॉक्सीचं आणि रंगाचं काम बंद ठेवायचं: दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि कापडावरचा डोप (कापड ताणून धरणारा लेप) पांढरा पडतो. त्या चार महिन्यांत बांधणीचे नकाशे वाचा, वायरिंग करा, भोकांच्या कडा साफ करा. लाईट जाण्याचा हिशेब धरून कंप्रेसरला पुरेसा जनरेटर बघा.

हात बसवायला भंगार पत्र्याचे तुकडे हवेत. भोक पाडल्यावर कडेला कुसळासारखी धार राहते. ती मोठ्या ड्रिल बिटाने हातानेच अर्धा-एक फेर फिरवून काढायची. जास्त फिरवलंत तर भोक मोठं होतं. भरीव रिव्हेट वापरणार असाल तर मागच्या बाजूला तयार होणारं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच यायला हवं. 3.2 मिलिमीटरच्या रिव्हेटला 4.8 रुंदी आणि 1.6 उंची. व्हर्नियर घेऊन प्रत्येक डोकं मोजा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. या कामाला समोरून लोखंडी ठोकळा धरणारा दुसरा माणूस लागतो. 701 ला बहुतेक ठिकाणी एका बाजूने ओढायचे रिव्हेट असतात, तेवढी एकट्याची सोय.

आपल्याकडे होड्या बांधणारे कसबी हात आहेत, त्यांची मदत जरूर घ्या, पण होडीचं साहित्य घेऊ नका. होडीला पॉलिस्टर रेझिन आणि तुटक तंतूंची चटई चालते. विमानाला इपॉक्सी आणि विणलेलं कापडच लागतं, आणि रेझिन-हार्डनरचं प्रमाण तराजूवर तोलावं लागतं. गेट-ग्रिल जोडणाऱ्या वेल्डरला इंजिन माउंट (इंजिन धरणारा सांगाडा) द्यायचं नाही.

इंधनाकडे लोक शेवटी बघतात, तुम्ही आधी बघा. अशा विमानांना लावतात त्या रोटॅक्स 912 इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं, आणि पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्क्यांचं आहे. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. मापनळीत नऊ भाग पेट्रोल आणि एक भाग पाणी घालून हलवा, थोडा वेळ स्थिर ठेवा. पाण्याची रेघ वर चढली तर इथेनॉल आहे. इंडियन ऑइलने 2022 मध्ये देशात एव्ही गॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) बनवायला सुरुवात केली, ते तुमच्यापर्यंत कसं आणि किती खर्चात पोचेल हे आधी विचारून घ्या.

कागदांचं काम पत्र्याइतकंच लांबतं. अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं, नोंदणी 2017 ला झाली, उडवायची परवानगी 2019 ला. तेव्हा डीजीसीएशी (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी) पत्रव्यवहार किट मागवण्याआधी सुरू करा, प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवा आणि रोजचं काम वहीत लिहा. उडणार कुठून याचं उत्तरही आत्ताच हवं. किनाऱ्यावरची वाळू किंवा सडा (कातळाचं उघडं पठार) हे उत्तर नाही. किनाऱ्यावर सुरक्षेची नजर असते, आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, तिथे रोलर फिरवण्याचा विचारही नको. सिंधुदुर्गातल्या चिपी किंवा रत्नागिरी विमानतळावर विचारणा करा. नकार आला तर विमान ट्रेलरवर घालून घाट चढावा लागेल, म्हणून पंख किती वेळात निघतात हे किट निवडतानाच बघा.

हे सगळं जमलं की पूर्ण किट न मागवता फक्त शेपटाचा भाग मागवा. तो छोटा असतो, त्यात जवळजवळ सगळ्या क्रिया येतात, आणि हे काम आपल्याला झेपतं का ते स्वस्तात कळतं. पेटी ऑक्टोबरमध्ये पोचेल अशा बेताने ऑर्डर द्या आणि कस्टम्ससाठी हातात वेळ ठेवा. आल्या दिवशीच यादीशी एकेक नग ताडून बघा, पत्र्यांमधले ओलसर कागद काढून टाका आणि पिटो ट्यूब (हवेतला वेग मोजायची नळी) आली असेल तर तिचं तोंड टेपने बंद करा, नाहीतर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते.