मोबाईलवरच्या एआरने (कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर थ्रीडी चित्र बसवून) डोक्याचा छेद आखायचा असेल, तर ही तयारी

मेंदूच्या पृष्ठभागालगतची गाठ काढायची आहे, बहुधा मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ: कन्व्हेक्सिटी (वरच्या गोलाईवरची) किंवा पॅरासॅजिटल (मध्यरेषेलगतची). न्यूरोनॅव्हिगेशन, म्हणजे ऑपरेशनमध्ये स्कॅनवर जागा दाखवणारं यंत्र, नाही, किंवा दुसऱ्या टेबलावर अडकलंय. स्कॅनवरून थ्रीडी मॉडेल करून, फोनच्या पडद्यावर ती गाठ पेशंटच्या डोक्यावर ठेवून छेद आणि हाडाचा फ्लॅप (कापून उचलायचा तुकडा) आखायचाय. एवढ्याच कामासाठी ही यादी आहे. खोलातली गाठ, ब्रेनस्टेम, बायॉप्सीची सुई, यांतल्या कशासाठीही फोन हातात घेऊ नका.

सरांची संमती, पेशंटची लेखी संमती, क्रिएटिनिन, कॉन्ट्रास्ट: हे सांगायला नको.

यादीतलं सगळ्यात मोठं काम स्कॅनला पाठवण्याआधीचं आहे. ते नेमकं तेव्हाच राहून जातं, कारण त्या वेळी मॉडेलचा विचार कोणाच्याच डोक्यात नसतो. व्हिटॅमिन ईच्या चार मऊ कॅप्सूल घ्या आणि मायक्रोपोरने पेशंटच्या कातडीला चिकटवा. उजवीकडे दोन: एक ट्रॅगसच्या (कानाच्या भोकापुढचा उंचवटा) पुढे, एक कानामागे मॅस्टॉइडच्या हाडावर. डावीकडे एकच, ट्रॅगसच्या पुढे. चौथी कपाळावर मधोमध. आतल्या तेलामुळे एमआरआयच्या टी-१ चित्रांवर त्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. फॅट सप्रेशन (चरबीचा उजेड दाबणारी सेटिंग) लावलं तर मात्र विझतात, म्हणून तसं लावू नका असं टेक्निशियनला आधीच सांगा. ईसीजीचं बटण चालेल का, असं कोणीतरी विचारतंच. सीटीला चालेल, एमआरआयच्या खोलीत धातू नको. केसांत चिकटवू नका, सरकतात. प्रत्येक कॅप्सूलभोवती स्किन मार्करने गोल काढा आणि ऑपरेशनपर्यंत तो पुसू नका असं पेशंटला आणि नातेवाइकांना सांगून ठेवा. डोकं धुवायला सांगणाऱ्या सिस्टरलाही सांगा. उजवीकडे दोन, डावीकडे एक. मागच्या वेळी हेच राहिलं आणि तयार मॉडेल टाकून द्यावं लागलं, कारण ते सरळ आहे की आरशातलं हे ठरवायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

आरसा होतो कसा? मॉडेल ज्यात साठवतात त्या एसटीएल फाइलमध्ये फक्त पृष्ठभागाचे त्रिकोण असतात. त्यात एकक नसतं, पेशंटची डावी-उजवी बाजू कोणती तेही नसतं. सेंटरच्या सीडीवरच्या जेपीजी चित्रांची चवड उलट्या क्रमाने लावली, की सगळं डोकं आरशातलं होतं आणि तरीही अगदी खरं दिसतं. फोनवरचं एआर ज्यात बांधतात त्या युनिटीची अक्षपद्धत डावखुरी, स्कॅनवरून मॉडेल काढणाऱ्या स्लायसरची आणि ते मॉडेल हाताळणाऱ्या ब्लेंडरची उजवखुरी. मध्ये कोणी एका अक्षाला उणे चिन्ह दिलं, तरी तेच. गाठ लांब एका बाजूला असेल तर डोळ्यांना खटकेलही. पण सॅजिटल सायनसला (मध्यरेषेवरची मोठी शीर) खेटलेली, मध्यरेषेपलीकडे थोडी गेलेली गाठ उलटली तर कोणालाच शंका येत नाही. म्हणून कॅप्सूल. कवटी दोन्हीकडे सारखी दिसते, कॅप्सूल सारख्या दिसत नाहीत.

स्कॅन बाहेरून आधीच झालेला असेल तर? नुसत्या त्या सीडीवर मॉडेल करू नका. आदल्या दिवशी कॅप्सूल लावून प्लॅनिंगचा छोटा स्कॅन मागून घ्या. रेडिओलॉजीवाले कुरकुरतील, कुरकुरू द्या.

स्कॅन पातळ हवा, १ मिमी, थ्रीडी सीक्वेन्स, कॉन्ट्रास्टनंतरचा. नेहमीच्या ५ मिमीच्या कापांवरून कवटी जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची येते. कपाळ, दोन्ही कान आणि नाक पूर्ण आत घ्या. कानाची टोकं कापलेला स्कॅन या कामाला निरुपयोगी. पॅरासॅजिटल असेल तर एमआर व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचा एमआरआय, हवाच. सायनस कुठून जातो हे न दाखवणारं मॉडेल फ्लॅप आखायला वापरायचं नाही.

डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइली, मागा, चित्रं नकोत. थ्रीडी स्लायसर फुकट आहे, बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या कामातून उभं राहिलेलं. पण ते संशोधनासाठी आहे, क्लिनिकल वापराची मंजुरी त्याला नाही, आणि हे बनवणारे स्वतःच लिहितात. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं. त्यामुळे फोनवरचं चित्र हा दुसरा आधार. पहिला आधार कन्सोलवरची (स्कॅनच्या कॉम्प्युटरवरची) मोजमापं आणि टेप.

स्लायसरमध्ये कातडी, गाठ, सायनस आणि कॅप्सूल वेगवेगळ्या रंगात काढा. हो, कॅप्सूलसुद्धा, चारही. ‘त्या दिसतातच’ म्हणून सोडू नका. कातडीचा पृष्ठभाग गुळगुळीत करताना त्या आधी विरघळतात, म्हणून स्मूदिंग कमी ठेवा. त्रिकोण कमी करा, नाहीतर फोन गुदमरतो. एक्सपोर्ट झाल्यावर फाइल उघडून पहिला प्रश्न एकच: दोन कॅप्सूल कोणत्या बाजूला आहेत? ब्लेंडरमधून बाहेर काढल्यावर पुन्हा तोच. फोनवर उघडल्यावर पुन्हा तोच. प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणा आणि शेजारच्याला बघायला लावा. सेल्फी कॅमेऱ्यातून तपासू नका, तो स्वतःच आरसा दाखवतो.

आता आकार. स्लायसर मिलिमीटरमध्ये बोलतो, एआरसाठीची जीएलबी फाइल मीटरमध्ये. रूपांतर चुकलं तर हजारपट मोठं डोकं खोलीबाहेर जाईल, ते लगेच कळेल. न कळणारी चूक दोन बोटांची आहे. आयफोनमधला फाइल दाखवणारा क्विक लूक चिमटीने मॉडेल लहान-मोठं करू देतो, आणि नव्वद टक्क्यांचं डोकं शंभर टक्क्यांसारखंच दिसतं. स्केल लॉक करा. मॉडेलमध्ये १० सेंमीची पट्टी घाला आणि खऱ्या पट्टीशेजारी ठेवून बघा.

फोन कोणता? लायडार (प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) असलेला, म्हणजे आयफोन १२ प्रो किंवा नंतरचा प्रो, असेल तर बरं. नसेल तरी चालतं. पांढऱ्या चादरीवर आणि ओटीच्या झगझगीत दिव्याखाली कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही आणि मॉडेल वाहवत जातं. दिवा बाजूला करा. डोक्याजवळ छापील ठिपक्यांचा कागद ठेवा.

खूण करताना फोन कातडीला काटकोनात धरा. हे गणित करून बघा: गाठ ३ सेंमी खोल, फोन ३० अंश कललेला, तर कातडीवरची खूण सुमारे १.७ सेंमी सरकते. पडद्यावर सगळं तंतोतंत जुळलेलंच दिसत असतं. म्हणून दोन दिशांनी बघा, दोन्हीकडून गाठीची कड एकाच जागी येईल तेव्हाच मार्कर टेकवा. मग नेझियनपासून (नाकाचं मूळ) आणि ट्रॅगसपासूनचं अंतर कन्सोलवर मोजलेल्या अंतराशी टेपने ताडा. एक सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर फोन खिशात ठेवा, टेपवर जा. वाद घालू नका.

ओटीत: बॅटरी पूर्ण, ऑटो-लॉक बंद, फ्लाइट मोड. पोझिशन आणि डोकं धरून ठेवणाऱ्या पिना लागल्यावर कॅप्सूलचे चार गोल मॉडेलच्या चार कॅप्सूलशी जुळवा, नुसत्या नाकाशी नाही. पालथ्या पोझिशनला मानेकडची कातडी ओघळते, तिकडचा गोल धरू नका. खुणा ड्रेपिंगच्या (निर्जंतुक कापडं लावण्याच्या) आधी. टाइम-आउटला (छेदाआधी थांबून सगळ्यांनी करायची तपासणी) बाजू कागदावरून वाचा, फोनवरून नाही. ड्यूरा (मेंदूचं बाहेरचं आवरण) उघडल्यावर मेंदू हलतो, मॉडेल संपलं, फोन बाहेर.

फाइलला पेशंटचं नाव नको, आणि डायकॉममधली माहितीही पुसा. कातडीचं मॉडेल म्हणजे चेहराच असतो, तेव्हा ग्रुपवर टाकू नका. रात्री फोनमधून काढा, ‘अलीकडे हटवलेलं’ मधूनही. मूळ डायकॉम रेडिओलॉजीकडे असतंच.